हरवलेला जबडा पुन्हा घडतो तेव्हा

बुरशी, गाठ, अपघात किंवा जन्मदोष यांमुळे जबड्याचे हाड गमावलेल्या माणसाला पुन्हा चावता येते का? बोलता येते का? चारचौघांत बसून जेवता येते का? आज या प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा 'होय' असे आहे. पण त्यासाठी कोणकोणत्या वाटा आहेत आणि आपल्या माणसासाठी कोणती योग्य, हे घरच्यांनीही समजून घ्यायला हवे.

दिल्लीतल्या करोलबाग भागात सोन्याचांदीच्या गलाईचे काम करणारी मराठी कुटुंबे आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडून त्यांचे वाडवडील इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. अशाच एका ओळखीच्या घरातल्या आक्का. वय पन्नाशीच्या पुढे. घरात माणसांचा राबता, आल्यागेल्याला चहाच नव्हे तर जेवू घातल्याशिवाय न सोडणाऱ्या.

एप्रिल 2021 मध्ये त्यांना करोना झाला. ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड द्यावी लागली. रक्तातली साखर भरमसाट वाढली. आपल्याला मधुमेह आहे, हे त्यांना तेव्हाच कळले. बऱ्या होऊन घरी आल्या, तोच उजवा गाल बधिर वाटू लागला. वरचे दात एकाएकी हलू लागले. टाळूवर काळसर डाग दिसला. तपासणीत निदान झाले, म्युकरमायकोसिस म्हणजेच काळी बुरशी. जीव वाचवायचा तर वरच्या जबड्याचा उजवा भाग काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जीव वाचला. पण तोंड आणि नाक यांच्यामधली भिंतच गेली. पाणी प्यायले की नाकातून यायचे. बोललेले घरच्यांनाही कळेना. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना पंगतीत वाढले, ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एकटी पेज पिऊ लागली. नातीने 'आजी, तू माझ्याबरोबर का नाही जेवत?' असे विचारले की त्या उठून जायच्या.

पुढे वर्षभराने डॉक्टरांनी सांगितले की पायातले हाड घेऊन जबडा पुन्हा उभा करता येईल. तेव्हा आक्कांचे उत्तर होते, ''तोंड गेलं ते गेलं, आता पाय बी घालवू का?''

हा प्रश्न भाबडा नाही. अशा प्रत्येक घरात तो विचारला जातो. म्हणूनच जबड्याचे हाड पुन्हा कसे घडवतात, हे सविस्तर पाहायला हवे.

बुरशीने काय काय नेले

काळ्या बुरशीचा इशारा दिल्लीत लवकर मिळाला होता. डिसेंबर 2020 मध्येच सर गंगाराम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी करोनातून उठलेल्या रुग्णांमध्ये ही बुरशी वाढत असल्याचे सांगितले होते. दुसऱ्या लाटेत ती देशभर पसरली. जुलै 2021 पर्यंत देशात 45 हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती आणि चार हजारांहून अधिक लोक दगावले होते. सर्वांत जास्त रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये होते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा जास्त किंवा लांबलेला वापर ही त्यामागची मोठी कारणे मानली जातात.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्त न मिळालेले हाड मरते आणि काळे पडते. मेलेले हाड तसेच ठेवले तर बुरशी डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकते. म्हणून शल्यचिकित्सकाला ते निष्ठुरपणे काढावे लागते. कित्येकांचा वरचा जबडा गेला, काहींचा डोळाही गेला.

पण जबड्याचे हाड जाण्याचे हे एकच कारण नव्हे. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक लोकांना ओठ व तोंडाचा कर्करोग होतो आणि त्यातल्या बहुतेकांमागे तंबाखू, गुटखा, सुपारी असते. गाठ हाडाला भिडली असेल तर हाडाचा तुकडाही काढावा लागतो. अमेलोब्लास्टोमा नावाची एक गाठ तर ऐन विशी-तिशीतल्या तरुणांच्या खालच्या जबड्यात वाढते. ती सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण हाड पोखरत जाते आणि अर्धवट काढली तर पुन्हा उगवते. म्हणून तिच्याभोवतीचे एक-दोन सेंटीमीटर निरोगी हाडही काढतात. याखेरीज रस्त्यावरचे अपघात, बंदुकीच्या जखमा आणि जन्मतः दुभंगलेला ओठ-टाळू ही कारणे आहेतच.

जबडा म्हणजे नुसते हाड नव्हे

हाताचे हाड मोडले तर प्लास्टर घालून ते जुळते. मग जबड्याचे एवढे अवघड का?

एक तर हाडाला तडा जाणे वेगळे आणि तुकडाच नाहीसा होणे वेगळे. हाडाला स्वतःला भरून काढण्याची शक्ती असते, पण तिला मर्यादा आहे. मधली पोकळी मोठी असेल तर हाड वाढण्याआधीच तिथे मऊ मांस भरते आणि दोन टोके कधीच भेटत नाहीत.

दुसरे म्हणजे तोंड कायम ओले आणि जंतूंनी भरलेले. तिथे बसवलेल्या हाडाला जरा जरी उघडे पडायला वाव मिळाला, तर ते सडते. तिसरे म्हणजे जबड्याला दिवसभर काम. चावणे, गिळणे, बोलणे, जांभई देणे. खालचा जबडा दोन्ही कानांपुढच्या सांध्यांवर झोपाळ्यासारखा लटकलेला असतो. मधला भाग काढला की उरलेला भाग एका बाजूला ओढला जातो, वरचे-खालचे दात जुळत नाहीत, हनुवटी वाकडी होते. हनुवटीचा पुढचा भागच गेला तर जीभ मागे पडून श्वासही अडू शकतो. आणि चौथी गोष्ट सगळ्यांना माहीत असलेली. पायावरचा व्रण विजारीखाली झाकता येतो, चेहरा झाकता येत नाही.

सर्वांत जुना उपाय

आक्कांना पहिल्यांदा जे मिळाले ते होते ऑब्चुरेटर, म्हणजे टाळूचे भोक बंद करणारी खोट्या दातांची कवळी. हा उपाय फार जुना आहे. सोळाव्या शतकात आंब्रॉज पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने टाळूचे भोक बुजवण्यासाठी अशी साधने वापरली होती.

या कवळीला कमी लेखू नये. ती लावताच पाणी नाकात जायचे थांबते, बोलणे बरेचसे स्पष्ट होते. पुन्हा शस्त्रक्रिया नको असलेल्या किंवा ती न झेपणाऱ्या वयस्क माणसाला ती आयुष्यभर पुरू शकते. कवळी काढून आतली जागा पाहता येते, त्यामुळे आजार उलटला तर तोही लवकर दिसतो.

पण तिला आधार लागतो तो उरलेल्या दातांचा आणि हाडाचा. आधार कमी असेल तर ती हलते, टोचते, जड वाटते. रोज काढून धुवावी लागते. आक्कांची कवळी भाकरीचा तुकडा चावताना निसटायची. म्हणून त्या चारचौघांत तोंडच उघडत नसत.

स्वतःच्याच हाडाचे कलम

हाडाच्या बदल्यात हाड बसवायचे, तर सर्वांत चांगले आपले स्वतःचेच. कारण त्यात तीन गोष्टी एकत्र मिळतात. नवे हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी, त्या पेशींना कामाला लावणारी द्रव्ये आणि नव्या हाडाला चढायला मांडव. शरीर ते परके म्हणून नाकारत नाही.

थोडेसे हाड हवे असेल, उदाहरणार्थ एका-दोन दातांच्या जागी, तर ते हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागच्या भागातून घेता येते. जास्त हवे असेल तर कमरेच्या हाडाच्या काठातून किंवा बरगडीतून. कमरेतून हाड घेतल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे चालताना दुखते.

अशा कलमाचा अगदी चांगला उपयोग होतो तो दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांना. दर 700 ते 1000 जन्मांमागे साधारण एका बाळात हा दोष असतो. ओठ आणि टाळू लहानपणी शिवतात, पण हिरडीच्या हाडातली फट राहून जाते. मूल साधारण 8 ते 11 वर्षांचे असताना, सुळा उतरण्याआधी, कमरेतले मऊ हाड त्या फटीत भरतात. मग सुळा त्या नव्या हाडातूनच खाली उतरतो. ही वेळ चुकली तर तेवढा फायदा मिळत नाही. 'ओठ तर शिवला, आता काय?' असे म्हणून बरेच पालक नंतर फिरकत नाहीत. त्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

पण सुट्या तुकड्याला मर्यादा आहे. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या मांसातून रक्तवाहिन्या त्यात शिरेपर्यंत त्याला तग धरावा लागतो. पोकळी पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल किंवा तिथे कर्करोगासाठी किरणोपचार झाले असतील, तर असा तुकडा बहुधा विरघळतो किंवा सडतो.

पुण्याचा कुंभार आणि पायाचे हाड

याचे उत्तर काय? तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट हलवायचा!

ही कल्पना आपल्या मातीला नवी नाही. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचे वर्णन आहे. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक हकीगत छापून आली. इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने, तो वीटभट्टीवाल्या कुंभाराच्या जातीचा होता असे त्यात म्हटले आहे, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक घडवून दिले. त्यातली खुबी अशी की कातडी पूर्ण तोडली नव्हती. भुवयांमधल्या एका पट्टीने ती जोडलेलीच ठेवली होती, म्हणून तिला रक्त मिळत राहिले. या हकीगतीने युरोपातले शल्यचिकित्सक जागे झाले.

कपाळावरून नाकापर्यंत कातडी वळवता येते. पायाचे हाड जबड्यापर्यंत कसे वळवणार? त्यासाठी रक्तवाहिनी कापून दुसरीकडे जोडता यायला हवी होती. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिन्या शिवण्याचे तंत्र विसाव्या शतकात आले. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इयन टेलर यांनी पायातले फिब्युला हे हाड त्याच्या वाहिन्यांसकट एका पायातून दुसऱ्या पायात बसवल्याचे प्रसिद्ध केले. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी त्याच हाडातून खालचा जबडा घडवण्याची पद्धत मांडली. आज जगभरात मोठ्या पोकळीसाठी हीच पद्धत सर्वाधिक वापरली जाते.

फिब्युला म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड. शरीराचा जवळजवळ सगळा भार नडगीच पेलते. म्हणून गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा सहा ते आठ सेंटीमीटर भाग ठेवून मधला 20-25 सेंटीमीटर लांबीचा तुकडा काढता येतो आणि माणूस चालू शकतो. हाडाबरोबर वरची कातडीही घेतात, तिने तोंडातली जखम किंवा टाळूचे भोक बंद होते.

मग सुताराने चौकटीचे कोपरे कापावेत तसे ते सरळ हाड दोन-तीन ठिकाणी तिरके कापून जबड्याच्या आकारात वळवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने बसवतात. त्याची धमनी आणि नीला मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या आणि शिवायचा धागा केसाहून बारीक. एक चमू जबड्यावर आणि दुसरा पायावर काम करत असतो, तरी आठ-दहा तास सहज लागतात. पुढचे दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा लागतो. बसवलेल्या कातडीचा रंग बदलला, ती थंड पडली तर वाहिनीत गुठळी झाली असे समजून रुग्णाला पुन्हा टेबलावर घेतात. अनुभवी केंद्रांत शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांमध्ये हे कलम जगते.

पायाचे काय? काही दिवसांत आधाराने चालवतात. घोटा आखडणे, बोटात जोर कमी वाटणे, कातडीचे कलम लावलेल्या जागी व्रण राहणे हे त्रास काहींना होतात. पाय निकामी होत नाही. मात्र त्याआधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी हवीच. ज्यांच्या पायातल्या इतर वाहिन्या मधुमेहाने किंवा तंबाखूने अरुंद झाल्या आहेत, त्यांच्या पायाला हे हाड काढणे खरोखरच धोक्याचे ठरू शकते. म्हणजे आक्कांची भीती अगदीच निराधार नव्हती. ती तपासून पाहण्याची गोष्ट होती.

रोज एक मिलिमीटर

हाड आणून बसवण्याऐवजी आहे तेच ओढून वाढवता येईल का? सायबेरियातल्या कुर्गान गावचे डॉ. गाव्रील इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात पायाच्या हाडावर हे करून दाखवले. हाड कापायचे, काही दिवस थांबायचे, मग दोन टोके दररोज साधारण एक मिलिमीटर लांब न्यायची. मधल्या जागेत नवे हाड तयार होत जाते. 1992 मध्ये अमेरिकेत जोसेफ मॅकार्थी यांनी मुलांचा खालचा जबडा असाच वाढवल्याचे प्रसिद्ध केले.

आपल्याकडे याची गरज कुठे पडते? मूल पाळण्यातून, जिन्यावरून, गच्चीवरून हनुवटीवर पडते. खरचटलेले बरे होते, पण कानापुढच्या सांध्याला झालेली इजा कुणाच्या लक्षात येत नाही. काही महिन्यांनी, वर्षांनी सांध्याची हाडे एकमेकांना चिकटतात आणि तोंड उघडेनासे होते. जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते, झोपेत श्वास अडतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या, म्हणजे एम्समधल्या दंत व जबडा शल्यचिकित्सकांनी अशा मुलांवर बरेच काम केले आहे. चिकटलेले हाड काढून सांधा मोकळा करणे, बरगडीचे किंवा कृत्रिम सांध्याचे रोपण करणे आणि जबडा ओढून वाढवून श्वासाची वाट मोकळी करणे, असे त्याचे टप्पे असतात. नंतर रोज तोंड उघडण्याचा व्यायाम महिनोन्‌महिने करावा लागतो. मूल रडते, आईचा जीव तुटतो. पण व्यायाम सोडला तर सांधा पुन्हा चिकटतो.

दुसऱ्याचे, जनावराचे, कारखान्यातले

लहान पोकळीसाठी दुसरीकडून हाड काढण्याचा व्याप टाळता येतो. मृत्यूनंतर दान केलेले किंवा सांधेबदल शस्त्रक्रियेत निघालेले मानवी हाड शुद्ध करून साठवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये 1988 मध्ये ऊती पेढी सुरू झाली. तिथे हाड कोरडे करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. दिल्लीत एम्समध्येही हाडांची पेढी आहे.

जनावराच्या, मुख्यतः गायीच्या, हाडातला सेंद्रिय भाग काढून केलेली भुकटीही दातांच्या दवाखान्यात बरीच वापरली जाते. ज्यांना धार्मिक किंवा अन्य कारणाने ती नको असेल त्यांनी आधीच विचारावे. पर्याय असतात. हायड्रॉक्सिअपटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि खास काचेचे कण कारखान्यात तयार होतात. हे सारे मुख्यतः मांडवाचे काम करतात. वेल आपल्या शरीराच्या हाडाचाच चढावा लागतो.

वेल जोमाने चढावा म्हणून खतही शोधले गेले. 1965 मध्ये अमेरिकेच्या मार्शल युरिस्ट यांनी हाडातल्याच एका द्रव्यामुळे मांसातही नवे हाड तयार होते हे दाखवले. पुढे त्यातली प्रथिने प्रयोगशाळेत बनवली गेली. ती महाग आहेत, सूज बरीच येते, आणि कर्करोगाची गाठ काढलेल्या जागी वापरत नाहीत. रुग्णाचेच थोडे रक्त यंत्रात फिरवून त्यातला फायब्रिनचा थर जखमेत ठेवण्याची पद्धत स्वस्त आहे. तिने जखम लवकर भरायला मदत होते. पण तिने मोठा जबडा उगवेल अशी आशा कुणी दाखवली तर सावध व्हावे.

छापलेला जबडा

धातूचाच जबडा बसवला तर? जून 2011 मध्ये नेदरलँड्समध्ये 83 वर्षांच्या एका बाईंना त्रिमितीय छपाईने केलेला टायटॅनियमचा पूर्ण खालचा जबडा बसवला गेला. 2020 च्या सुरुवातीला आपल्या दिल्लीतही वसंत कुंजच्या फोर्टिस हॉस्पिटलमध्ये कर्करोगामुळे जबड्याचा भाग गमावलेल्या फरिदाबादच्या एका तरुणाला असा छापील टायटॅनियमचा जबडा बसवण्यात आला. कित्येक वर्षे त्याला नीट चावता येत नव्हते.

सीटी स्कॅनवरून संगणकात जबड्याची प्रतिकृती करायची, निरोगी बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन गेलेली बाजू आखायची आणि त्या मापाचा भाग छापायचा, अशी ही पद्धत. वरचा जबडा गेलेल्या काळ्या बुरशीच्या रुग्णांनाही तिचा उपयोग झाला. त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाला घट्ट धरून राहते हे ओळखून 1965 मध्ये माणसाच्या जबड्यात पहिले दंतरोपण केले. त्यांनीच पुढे तीन ते पाच सेंटीमीटर लांबीचे स्क्रू थेट गालाच्या हाडात बसवून त्यावर दात उभे करण्याची पद्धत आणली. गालाचे हाड शाबूत असेल तर मोठे कलम टाळून दात बसवता येतात.

मात्र धातू म्हणजे जादू नव्हे. त्याच्यावरची कातडी पातळ असेल, विशेषतः किरणोपचार झाले असतील, तर तो उघडा पडतो आणि काढावा लागतो. जिवंत हाड एकदा जुळले की आपले होते. धातू पाहुणाच राहतो.

डॉक्टरांना काय विचाराल?

निर्णयाआधी घरच्यांनी कागदावर प्रश्न लिहून न्यावेत. मूळ आजार पूर्ण गेला आहे का, की थांबणे बरे? कवळीवर भागेल का? हाड कुठून घेणार आणि तिथे काय त्रास राहील? भरण्याचे द्रव्य कशापासून बनले आहे? शेवटी दात बसणार का, आणि त्याला एकूण किती टप्पे, किती महिने लागतील? कलम फसले तर पुढे काय? या डॉक्टरांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?

दिल्लीत एम्स, सफदरजंग, मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आणि जवळच रोहतकची सरकारी दंत संस्था अशी ठिकाणे आहेत. गर्दी आणि प्रतीक्षा असते, पण खाजगीतला खर्च ज्यांना झेपत नाही त्यांनी आधी तिथे चौकशी करावी. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 2021 साली काळ्या बुरशीचे उपचार समाविष्ट केले होते. केंद्राची आयुष्मान योजना दिल्लीत 2025 मध्ये लागू झाली. मात्र शस्त्रक्रिया योजनेत बसली तरी नंतरचे दंतरोपण बसेलच असे नाही. ते आधीच विचारून घ्यावे.

हाड जाऊच नये म्हणून

मधुमेह्यांनी साखर आटोक्यात ठेवावी आणि स्टेरॉइड मनाने घेऊ नयेत. गाल बधिर होणे, वरचे दात अचानक हलणे, टाळूवर काळा डाग, नाकातून काळसर स्राव यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तपासून घ्यावा. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण पुडी अजून मिळते आणि तंबाखू-सुपारी तर आपल्या हातात आहे. शस्त्रक्रियेनंतर सिगारेट किंवा तंबाखू सुरू ठेवणाऱ्याचे कलम फसण्याचा धोका वाढतो, हेही सांगायला हवे.

किरणोपचार सुरू होण्याआधी खराब दात काढून घ्यावेत. नंतर काढले तर जबडा सडण्याची भीती असते. हाडांच्या ठिसूळपणासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी औषधे घेणाऱ्या बायकांनी दात काढण्याआधी दंतवैद्याला त्याची कल्पना द्यावी. आणि अगदी साध्या बाबतीतही, दात काढल्यावर त्या जागेचे हाड पहिल्या वर्षात रुंदीने जवळजवळ निम्मे होते. 'बघू नंतर' म्हणत पाच वर्षे घालवली तर पुढे हाड भरावे लागते.

आणि आक्का?

आक्कांनी नकार दिल्यावर अण्णांनी जबरदस्ती केली नाही. सूनबाईने एक गोष्ट केली. पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून घेऊ, वाहिन्या खराब निघाल्या तर विषय बंद, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. वाहिन्या चांगल्या निघाल्या. डॉक्टरांनी हाडांचा सांगाडा पुढे ठेवून कोणते हाड जाणार आणि कोणते राहणार, ते आक्कांना हाताने चाचपून पाहायला लावले. त्या बराच वेळ ते बारीक हाड बोटांत धरून बसल्या. मग म्हणाल्या, ''एवढंच होय? मग करा.''

साखर ताळ्यावर आणायला तीन महिने गेले. शस्त्रक्रिया दहा तास चालली. पाय दीड-दोन महिने दुखला, आजही थंडीत घोटा आखडतो. सहा महिन्यांनी नव्या हाडात दंतरोपण झाले आणि आणखी काही महिन्यांनी त्यावर दात बसले. गालावर थोडी खोलगट जागा राहिली आहे. 'स' आणि 'श' अजून जरा वेगळे ऐकू येतात.

गेल्या खेपेला त्यांच्याकडे गेलो तेव्हा जेवल्याशिवाय सोडले नाहीच. भाकरी, पिठले आणि ठेचा होता. ताटे वाढून झाली तशी आक्कांनी स्वतःचे ताट घेतले आणि नातीच्या शेजारी पाट ओढून बसल्या. भाकरीचा कडक पापुद्रा त्यांनी उजव्या बाजूनेच चावला.